कमी आंबट भाज्या बरण्यांत भरताना : बोटुलिझम टाळण्यासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

परसबागेतली भाजी एकदम येते आणि फ्रीजर लहान. म्हणून फरसबी, गाजर, मका आणि टोमॅटो काचेच्या बरण्यांत भरून कपाटात ठेवायचं ठरवलं आहे. ज्यांचा फ्रीजर मोठा आहे त्यांनी इथेच थांबावं, भाजी उकळत्या पाण्यातून काढून गोठवावी आणि पुढचा सगळा खटाटोप वाचवावा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

आज फक्त यादी केली. मधली रेघ पीएच ४.६ ची (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ जास्त आंबट). त्या रेघेच्या खाली, म्हणजे जास्त आंबट पदार्थांत, बोटुलिझमचा, म्हणजे अन्नात लकवा आणणारं विष तयार करणारा, जंतू वाढत नाही आणि तिथे उकळत्या पाण्यातली प्रक्रिया पुरते. रेघेच्या वर जवळजवळ सगळ्या भाज्या, शेंगा, मशरूम, मांस, मासे येतात. त्यांना प्रेशर कॅनरच, म्हणजे भरलेल्या बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवणारं मोठं भांडंच लागतं. टोमॅटो नेमका रेघेवर बसलेला, त्याचं वेगळं बघेन.

तिसरा रकाना ‘करायचंच नाही’ असा: तांबड्या भोपळ्याचा घोटलेला गर, पीठ लावून दाट केलेलं सूप, तेलातला लसूण. गर आणि दाट सूप यांत उष्णता मधोमध कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून घरी करण्यासाठी त्यांच्या तपासलेल्या वेळाच मिळत नाहीत. भोपळ्याच्या फोडी पाण्यात घालून करता येतात, पण फोडींसाठी एवढा घाट घालायचा माझा विचार नाही.

आणि एक नियम आजच भिंतीवर लावला. प्रत्येक खेपेचा एक कागद आणि प्रत्येक बरणीवर त्या खेपेची खूण. कागदावर काय भरलं, बरणी केवढी, किती दाब, वेळ कधी सुरू झाला, कधी संपला, मधे दाब पडला का. ज्या बरणीला कागद नाही ती खायची नाही. हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, बऱ्याचदा वासही बदलत नाही. बरणी समोर ठेवून तिच्याकडून काहीच समजत नसेल, तर जे काही कळणार ते कागदावरूनच.

६ फेब्रुवारी

कॅनर वापरलेला मिळाला. घरातल्या रोजच्या कुकरमध्ये का करत नाहीस, असं दोघा-तिघांनी विचारलं. दाब तोच असतो हे खरं. पण कुठली भाजी किती वेळ ठेवायची याच्या तपासलेल्या तक्त्यांतल्या वेळा मोठ्या कॅनरवर काढलेल्या आहेत. तो तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही, आणि तो चढता-उतरता वेळही जंतू मारण्यात धरलेला असतो. छोटा कुकर झटकन तापतो, झटकन निवतो, म्हणजे तेवढी उष्णता कमी पडते. निदान लिटरभराच्या चार बरण्या उभ्या राहतील एवढं भांडं हवं, अशी अट त्यामुळेच आहे. विजेवरच्या, बटण दाबून चालणाऱ्या कुकरचंही तेच.

कॅनर घेतल्याबरोबर काट्याचं गेज दुरुस्तीवाल्याकडे नेऊन प्रमाणित गेजशी ताडून बघितलं. आमचा काटा १२ पौंड (दर चौरस इंचावरचा दाब) दाखवत होता तेव्हा खरा दाब साडेनऊच्या आसपास. दोन पौंडांहून जास्त फरक असला तर गेज बदलायचं, दुरुस्त करत बसायचं नाही. नवं मागवलं आहे. ते येईपर्यंत काम बंद. चिडचिड झाली, पण ताडून बघितलं नसतं तर सगळ्या खेपा कमी दाबावर निघाल्या असत्या आणि वरून काही कळलंही नसतं.

दाबाचा आकडा उंचीवरही अवलंबून. समुद्रसपाटीला काट्याच्या गेजवर ११ पौंड धरतात. २००० फुटांच्या वर १२, ४००० च्या वर १३, ६००० च्या वर १४. आमचं घर २००० च्या किंचित वर, म्हणून १२. ज्यांच्या कॅनरला काट्याऐवजी दाब ठरवणारं वजन आहे त्यांचा हिशेब सोपा: १००० फुटांपर्यंत १० पौंडांचं वजन, त्यापुढे सरळ १५ चं. वजनाला ताडून बघायची कटकट नसते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी वजनाचाच घेईन.

१५ फेब्रुवारी

नवं गेज बसवलं. भाजी न घालता नुसत्या पाण्याची फेरी केली. ही फेरी टाळू नका. तळाशी दोन-तीन इंच पाणी आणि साध्या पाण्याने भरलेल्या बरण्या.

सुरुवातीला झाकणाच्या कडेने वाफ निसटत होती. रबर कडक झालेलं, एका जागी चिरलेलं. बदललं. दुसऱ्यांदा नीट बसलं.

खरी गोष्ट वाफ सोडण्याची. तोंडावरचं वजन (काट्याच्या कॅनरलाही ते असतं, फक्त वाफ अडवायला) न ठेवता तोंडातून वाफेचा जोरदार झोत सुरू झाला की पूर्ण दहा मिनिटं तो तसाच चालू द्यायचा आणि मगच वजन ठेवायचं. आत हवा अडकून राहिली तर काटा १२ दाखवतो, पण आतलं तापमान १२ पौंडांच्या निव्वळ वाफेइतकं नसतं. समुद्रसपाटीला १० पौंडांच्या वाफेत साधारण ११६ अंश सेल्सिअस मिळतात, १५ पौंडांत १२१. बीजाणू, म्हणजे या जंतूची बीजासारखी टणक रूपं, मारतं ते तापमान. दाब हे तिथवर पोचण्याचं साधन. दहा मिनिटं गॅस वाया जातो असं वाटतं खरं, पण ते दहा मिनिटं कापली तर पुढचा अख्खा तास वाया.

आच किती ठेवली म्हणजे काटा १२ च्या किंचित वर स्थिर राहतो, तेही याच फेरीत कळलं. शेगडीच्या बटणावर पेन्सिलीने खूण केली.

१७ फेब्रुवारी

फरसबी. कोवळ्या शेंगा, इंचभराचे तुकडे, पाच मिनिटं उकळून गरम गरम भरल्या, वरून उकळतं पाणी. वर इंचभर जागा रिकामी. बुडबुडे काढायला प्लॅस्टिकची पट्टी. काठ ओल्या फडक्याने पुसून झाकणं लावली.

वेळेच्या बाबतीत एक पेच होता. तक्त्यात पिंटाची, म्हणजे ४७३ मिलिलिटरची बरणी आहे आणि क्वार्टची, म्हणजे ९४६ ची. फरसबीला पिंटाला २० मिनिटं, क्वार्टला २५. माझ्या बरण्या ५०० च्या. फरक क्षुल्लक वाटतो, पण आकार दोन मापांच्या मधे पडला की मोठ्या मापाची वेळ धरायची. म्हणून २५.

सतराव्या मिनिटाला दाब ११ च्या खाली गेला. खिडकी उघडी होती आणि वाऱ्याने आच मंदावली. अशा वेळी उरलेली आठ मिनिटं पुढे चालवता येत नाहीत. दाब परत १२ वर आणायचा आणि घड्याळ शून्यापासून सुरू करायचं. तेच केलं. शेंगा लोळागोळा होणार हे दिसत होतं. खिडकी बंद करून कॅनरसमोर खुर्ची टाकून बसले. २५ मिनिटं कुठेही जायचं नाही, हा बदल कागदावर लिहिला.

वेळ झाल्यावर आच बंद. वर पाणी ओतायचं नाही, वजन उचलायचं नाही. काटा आपोआप शून्यावर आला, मग वजन काढलं, आणखी दहा मिनिटं थांबून झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूला उघडलं.

१८ फेब्रुवारी

रात्रभर बरण्या निवल्या. एक सोडून बाकी सगळ्यांची झाकणं मधोमध आत ओढली गेलेली, बोटाने दाबल्यावर हलत नाहीत. जिचं झाकण टकटक वाजत होतं तिच्या काठाला बारीक टवका निघाला. न बसलेल्या बरणीवर २४ तासांच्या आत नवं झाकण लावून पूर्ण वेळेची प्रक्रिया पुन्हा करता येते. मी ती फ्रिजमध्ये ठेवली, आज खाऊन संपेल. टवक्याची बरणी आता डाळ ठेवायला.

दोन बरण्यांतलं पाणी थोडं बाहेर आलं, वरच्या शेंगा उघड्या पडल्या. झाकण बसलं असेल तर या बरण्या चालतात, फक्त वरचा भाग काळसर होतो. निम्म्याहून जास्त पाणी गेलं असतं तर त्या फ्रिजमध्ये गेल्या असत्या. कारण आच मधे वाढवणं आणि दाब वरखाली होणं.

झाकणावरच्या फिरकीच्या कड्या काढून टाकल्या. कपाटात ठेवताना कडी लावून ठेवली तर आत वायू धरून झाकण सुटलं तरी कडी ते दाबून धरते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. याच कारणाने बरणीवर बरणीही रचायची नाही.

झाकण घट्ट बसणं याचा लोक फार मोठा अर्थ लावतात. घट्ट झाकणाचा अर्थ एवढाच की बाहेरचं आत जाणार नाही. आत जे जिवंत उरलं असेल त्याला तर हवा नसलेली जागा हवीच असते.

२० फेब्रुवारी

आत्या आली होती. तिला हे सगळं अति वाटतं. “अगं, तीन तास उकळ की पाण्यात! काय राहणार आहे त्यात?” मी म्हटलं, बीजाणू राहतात. पाणी उघड्यावर १०० अंशांच्या वर जात नाही, आणि हे बीजाणू १०० अंशांना तासन्‌तास तग धरतात. उकळल्याने त्यांच्या भोवतीचे बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते आणि त्यांना मोकळं रान मिळतं.

तिला पटेना, तेव्हा ओहायोची घटना सांगितली. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लँकेस्टर गावी चर्चच्या सामुदायिक जेवणात बटाट्याची कोशिंबीर होती. बटाटे घरी बरणीत भरलेले, पण प्रेशर कॅनरऐवजी उकळत्या पाण्यात प्रक्रिया केलेले. २९ जणांना बोटुलिझम झाला, एक दगावली. आत्या जरा गप्प झाली. मग म्हणाली, “पण आम्ही इतकी वर्षं केलं ते?” याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रत्येक बरणीत बीजाणू उगवतातच असं नाही. ज्या बरणीत उगवतात ती ओळखता येत नाही, एवढीच अडचण आहे.

२४ फेब्रुवारी

मक्याचे दाणे करायचे होते. पिंटाला ५५ मिनिटं, क्वार्टला ८५. माझ्या मधल्या आकारामुळे ८५. आधीची दहा मिनिटं, चढणं, उतरणं धरून अख्खी दुपार आणि ढीगभर गॅस. मका गोठवून टाकला. फ्रीजरमध्ये जागा करण्यासाठी बर्फाचे ट्रे काढावे लागले. यावर अजून काही लिहिण्यासारखं नाही.

१ मार्च

टोमॅटो. पीएच मीटर आणला, ४ आणि ७ च्या द्रावणांत लावून घेतला. वेगवेगळ्या झाडांचे टोमॅटो वेगळे मोजले तर काही ४.३, काही ४.६ च्या वर. अगदी पिकून मऊ झालेले सगळ्यात कमी आंबट. म्हणजे एकच टोमॅटो मोजून सगळी टोपली सुरक्षित मानण्यात अर्थ नाही. मीटरवर काहीही येवो, आम्ल घालायचंच. पिंटाला बाटलीबंद लिंबूरस एक मोठा चमचा किंवा सायट्रिक आम्ल पाव छोटा चमचा; क्वार्टला दुप्पट. मी क्वार्टचं माप घातलं. ताजं लिंबू पिळायचं नाही, कारण प्रत्येक लिंबाची आंबटी वेगळी आणि बाटलीतल्या रसाची ठरलेली. चव फार आंबट झाली तर खाताना साखर घाला, आम्ल कमी करू नका.

चिरडून, उकळून, अर्धा इंच जागा सोडून भरले. उकळत्या पाण्यात आमच्या उंचीला, क्वार्टच्या हिशेबाने, ५० मिनिटं. दाबाचं काही नाही, सुटसुटीत काम.

यात कांदा, मिरची, लसूण वाढवायचा मोह होतो. तो इथे करायचा नाही. कमी आंबट भाजी वाढली की पीएच वर सरकतो आणि तपासलेलं माप मोडतं. फोडणी बरणी उघडल्यावर.

व्हिनेगरमधल्या भाज्या करणाऱ्यांसाठी: भरल्याबरोबर पाणी मोजाल तर आकडा छान येईल, पण जाड फोडीच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोचायला वेळ लागतो. काही दिवसांनी फोडी आणि पाणी एकत्र वाटून मोजा. आणि आंबट बरणीवर बुरशी दिसली तर वरची काढून खाली खाऊ नका. बुरशी आम्ल खाऊन टाकते आणि तिच्या भोवती पीएच ४.६ च्या वर जाऊ शकतो.

५ मार्च

बरण्या सोडून आज बाकीचं स्वयंपाकघर बघितलं. ओट्यावर तेलात बुडवलेल्या लसणाची बाटली निघाली, घरातल्याच कुणीतरी हौसेने करून ठेवलेली. फेकली. लसूण मातीतला, बीजाणू मातीतले, तेलाखाली हवा नाही, आम्ल नाही आणि बाटली उबदार जागी. १९८५ साली व्हँकूव्हरमधल्या एका रेस्टॉरंटात तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले; ती बाटली फ्रिजबाहेर ठेवलेली होती. घरी करायचंच तर ४ अंश किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये चार दिवस, जास्त हवं असेल तर गोठवा.

या ४ अंशांवरून फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. मधल्या फळीवर ८ निघाले! फिरकी वाढवली, दाराचं रबर धुतलं, मागची जाळी झाडली. संध्याकाळपर्यंत ३ ते ४ च्या मधे आलं. या जंतूच्या काही जाती ३ अंशांनाही हळूहळू वाढतात, म्हणून फ्रिजलाही दिवस मोजूनच वागवायचं.

त्याच कारणाने निर्वात पिशव्यांचा नियम बदलला. हवा काढणारं यंत्र पदार्थ टिकाऊ करत नाही, फक्त हवा काढतं. पिशवीतलं फ्रिजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच. गोठवलेला मासा वितळवताना पिशवी आधी फोडायची.

फॉइलमध्ये भाजलेले बटाटेही यादीत घेतले. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे तसे बटाटे बाहेर राहिले, त्यांची चटणी झाली, ३० जणांना बाधा. फॉइल लगेच सोडायचा, बटाटा गरम खायचा नाहीतर फ्रिजमध्ये टाकायचा.

१२ मार्च

कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या बरण्या सापडल्या. मशरूमसारखं काहीतरी, कागद नाही, तारीख नाही. एकीचं झाकण फुगलेलं. बाकीच्या दिसायला अगदी छान. सगळ्या गेल्या. छान दिसणाऱ्या ठेवाव्यात का, यावर घरात बरंच बोलणं झालं, पण नियम भिंतीवर लावलेला आहे.

फुगलेली बरणी उघडून वास घ्यायचा नाही, चाखून तर मुळीच बघायचं नाही. घट्ट बंद असलेल्या बरण्या दुहेरी पिशवीत गुंडाळून, मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशा कचऱ्यात. ज्यांची झाकणं सुटलेली किंवा गळती आहे त्या हातमोजे घालून मोठ्या भांड्यात आडव्या ठेवल्या, वर इंचभर पाणी येईल एवढं भरून झाकण ठेवून ३० मिनिटं उकळल्या, मग टाकल्या. ओट्यावर सांडलं होतं तिथे एक भाग ब्लीच, पाच भाग पाणी ओतून अर्धा तास ठेवलं, कागदाने पुसलं, कागद आणि स्पंजही कचऱ्यात.

२० मार्च

फरसबीची पहिली बरणी उघडली. कागद बघितला, झाकण आत ओढलेलं, उघडताना हवा आत गेल्याचा आवाज. तरी भांड्यात ओतून उकळी आल्यावर १२ मिनिटं उकळली. बीजाणू उकळून मरत नाहीत, पण तयार झालेलं विष मात्र उष्णतेने मोडतं. १००० फुटांखाली दहा मिनिटं, वर प्रत्येक हजार फुटांना एक मिनिट जास्त. प्रक्रिया नीट झाली असली तरी मी हे करणार आहे. मात्र संशयाची बरणी ‘उकळून घेऊ’ म्हणून वाचवायची नाही. चव ठीक, शेंगा अपेक्षेप्रमाणे मऊ.

फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी लावली, कारण लक्षणं दिसतील तेव्हा शोधायला वेळ नसेल. सहसा १२ ते ३६ तासांत, पण कधी बऱ्याच दिवसांनीही: एकाचं दोन दिसणं, पापण्या पडणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड कोरडं, गिळता न येणं, मग अशक्तपणा वरून खाली उतरत जाणं. ताप बहुधा नसतो, शुद्ध असते. म्हणून लोक थकवा समजून झोपून राहतात. लगेच इस्पितळात, आणि काय खाल्लं ते सांगायचं. प्रतिविष जितकं लवकर तितका उपयोग; ते पुढचा लकवा थांबवतं, झालेला उलटवत नाही. चिठ्ठीच्या खाली बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी एक ओळ: एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट लावूनही नाही.

राहिलेलं काम: गाजर. पिंटाला २५ मिनिटं, क्वार्टला ३०, दाब तोच. त्याआधी ५०० च्या बरण्या डाळी-मसाल्यांना देऊन ४७३ च्या घ्यायच्या. एक जादा रबर आणून ठेवायचं. गेज वर्षातून एकदा ताडायचं, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत, पहिली शेंग तोडण्याआधी.